मेणकागदातली शिदोरी

नॉर्डफ्योर्ड, ३ ऑक्टोबर १९९३

वालबुर्गाबाईंना समुद्राकाठच्या एका म्हाताऱ्याचा नमस्कार.

मी कोण ते आठवतंय का? सप्टेंबरात तुमच्या हॉटेलात सहा रात्री राहून गेलेल्या नऊ नॉर्वेकर म्हाताऱ्यांतला तो उंच, खिडकीजवळच्या टेबलावर बसणारा, रोज दोन अंडी खाणारा. हालवर म्यूरे. आमच्या मंडळींत तुमची जर्मन भाषा येणारा मी एकटाच. शाळेत नाही हो शिकलो. एकेचाळीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली. दोन फेऱ्यांच्या मधे एक फाटकं पुस्तक उघडून बसायचो. तेव्हा चुका दिसतील त्या पदरात घ्या.

पत्र लिहायचं कारण, तुमची न्याहारी. आमच्या घरी सकाळी ब्रेडचा तुकडा, वर तपकिरी चीज, उभ्या उभ्या कॉफी, संपलं. आणि तुमच्याकडे! भट्टीतून नुकते आलेले खसखशीचे पाव, हात लावला की कुरकुरणारे. हॅमच्या घड्या अशा लावलेल्या की आधी बघत बसावं. आणि त्या उकडलेल्या अंड्यांवरच्या लोकरीच्या लाल टोप्या! आमची बोर्गहिल्ड म्हणाली, "हालवर, माझ्या नातवंडांना मी इतकं जपून टोपी घातली नव्हती रे." बायको गेल्यापासून सात वर्षांत मी सकाळी उठून कशाची वाट पाहिली नव्हती. तुमच्याकडे सहा दिवस पाहिली. साडेसहालाच दाढी करून बिछान्याच्या कडेवर बसून राहायचो, सात कधी वाजतात म्हणून.

तुमच्या आलुबुखाराच्या मुरांब्याची कृती द्याल का? साखर इतकी कमी, तरी इतका काळा आणि दाट कसा होतो?

दुसऱ्या दिवशी मी मेणकागद कापायला कात्री मागितली आणि तुम्ही काही न विचारता दिलीत, तेही लक्षात आहे.

निघायच्या दिवशी तुमच्याकडे काही गडबड चालली होती असं वाटलं. बस सुटायची घाई होती, म्हणून नीट निरोप घेता आला नाही. सगळं ठीक आहे ना?

तुमचा,
हालवर म्यूरे


एलर्सबाख, १६ ऑक्टोबर १९९३

श्री. म्यूरे यांस,

तुमचं पत्र मिळालं. ते हॉटेलच्या पत्त्यावर आलं होतं. स्वयंपाकघरातल्या बाईनं संध्याकाळी घरी आणून दिलं, म्हणून उत्तराला उशीर. मी आता तिथे कामाला नाही.

मुरांब्याची कृती अशी. आलुबुखार अगदी पिकलेले, देठाकडून सुरकुतलेले घ्यावेत. बिया काढून पसरट भांड्यात घालावेत. साखर मुळीच घालू नये, गोडी त्यांचीच असते. मंद भट्टीत दहा तास ठेवावं. ढवळायचा मोह आवरावा. शेवटच्या तासात दालचिनीची एक काडी. मी तुम्हा पाहुण्यांना देत होते तो मुरांबा माझ्या घरचा होता, हॉटेलचा नव्हे.

अंड्यांच्या टोप्याही मीच विणलेल्या. त्या तिथेच राहिल्या.

तुमची शेवटच्या दिवसाची शिदोरी तुम्ही टेबलावर विसरला होतात. बसपाशी येऊन देणार होते, ते जमलं नाही, क्षमा असावी. हॅम टिकलं नसतं म्हणून शेजारच्या कुत्र्याला घातलं. कागद चांगला होता. पुसून ठेवला आहे.

विचारपूस केलीत, आभारी आहे.

श्रीमती टेलन


नॉर्डफ्योर्ड, २५ ऑक्टोबर १९९३

वालबुर्गाबाई,

तुमचं पत्र आलं त्याला तीन दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठून शेगडीत लाकडं सारतो. घर तापून तापून भट्टी झालंय, पत्र काही होत नाही. आज लिहितोच.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. गडबड "वाटली" असं लिहिलं. वाटली नव्हती. मी तिथेच उभा होतो आणि मला प्रत्येक शब्द कळत होता.

आधीपासून सांगतो. आमच्याकडे शिदोरीशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. पोर शाळेत जातं शिदोरी घेऊन, डॉक्टर दवाखान्यात जातो शिदोरी घेऊन. न्याहारीला बसलं की तिथल्या तिथे दोन पाव भरायचे, मेणकागदात बांधायचे, दुपारची सोय झाली. आमच्याकडची हॉटेलंसुद्धा न्याहारीच्या टेबलाच्या टोकाला कागद ठेवतात. सहलीच्या आधी आमची बैठक झाली, त्यात मी उभा राहून सांगितलं, "प्रत्येकानं कागदाची गुंडाळी बरोबर घ्या. सगळीकडे असंच असतं. हालवर सांगतोय म्हणजे काय!" सगळ्यांनी घेतली.

आणि पहिल्याच सकाळी तुमच्या भिंतीवर, संत्र्याच्या रसाच्या वर, ती पाटी. "न्याहारी इथेच बसून घ्यावी. टेबलावरचे पदार्थ बाहेर नेऊ नयेत." मी वाचली. कळली. तेवढ्यात बोर्गहिल्डनं विचारलं, "काय लिहिलंय रे तिथे?" आणि मी म्हणालो, "पोटभर खा, असं लिहिलंय."

का म्हणालो? मला खोटं ठरायचं नव्हतं. आयुष्यभर मी इंजिनखोलीतला, तेलकट हातांचा. या मंडळींत कोणी पोस्टमास्तर होता, कोणी टेलिफोन खात्यात. तुमच्या देशात मी त्यांचा पुढारी झालो होतो. रस्ता मी विचारायचा, पदार्थ मी मागवायचे. तो मान मला एका पाटीपायी घालवायचा नव्हता. वाटलं, दोन पावांनी कोणाचं काय जातंय. मग दुसऱ्या दिवशी खोटं झाकायला आणखी मोकळेपणानं बांधायला लागलो. तुमच्याकडे कात्री मागितली ती त्यासाठी. वालबुर्गाबाई, पाटीखाली उभं राहून मी तुमच्याकडे कात्री मागितली!

शेवटची सकाळ. मी बॅग घेऊन खाली आलो तर मालक दारात. "रोज साडेनऊला ताटं रिकामी! उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना मी काय वाढू, टेबलावरची चादर? टेलनबाई, पिशवी उघडा." आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत उघडली. ॲप्रन, चष्म्याचं घर, आणि मेणकागदाचं पुडकं. माझं पुडकं. ती घडी मी चाळीस वर्षं घालतोय, मला दुरून ओळखू येते. तुम्ही ते हातात धरून उभ्या राहिलात. कागदाच्या कोपऱ्यातून हॅम दिसत होतं. मालक म्हणाले, "एवढं आवडत असेल तर न्या घरी. पण उद्यापासून येऊ नका."

माझ्या मागे बोर्गहिल्ड विचारत होती, "काय झालं, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, त्यांच्या घरातलं काहीतरी आहे. बसमध्ये चढा."

आणखी एक. बोटीवर सगळ्यांच्या शिदोऱ्या एका पेटीत असत, म्हणून पुडक्यावर पेन्सिलीनं नाव घालायची मला सवय आहे. त्याही पुडक्यावर माझं नाव होतं, ठळक. मालक वाकून बघत होते. ते आता वाचतील, आता वाचतील म्हणून मी श्वास रोखून उभा होतो. त्यांनी का वाचलं नाही हे मला आजही कळत नाही. वाचलं नाही तेव्हा मला हायसं वाटलं.

तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. बोट दाखवलं नाहीत. का?

आता मी काय करू, सांगा. तुम्ही म्हणाल ते करीन.

हालवर म्यूरे


एलर्सबाख, ४ नोव्हेंबर १९९३

श्री. म्यूरे,

मी काय करू, असं तुम्ही मला विचारता!

तुमचं पत्र वाचून आधी मी भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. तुम्ही ती पाटी वाचलीच नसेल असं मी सहा आठवडे स्वतःला समजावत होते. भाषा येत असली तरी भिंतीवरचं कोण वाचत बसतं, असं. जो चोरून नेतो तो कात्री मागत नाही, असं मी मनाशी म्हटलं होतं. उघड उघड, हसत हसत बांधणारी माणसं. त्यांना कोण टोकणार, लाजेनं मेली असती बिचारी. म्हणून मी गप्प राहिले आणि गुपचूप ताटं पुन्हा भरत गेले. हॅम संपायचं ते त्यामुळे. आणि तुमचं विसरलेलं पुडकं पिशवीत लपवलं तेही आमच्या मालकाच्या, डीटमारच्या, नजरेला पडून तुमची शोभा होऊ नये म्हणून. आता कळतं, सगळं वाचून होत होतं.

तुम्ही तुमची लाज पाकिटात घालून माझ्या दारात आणून ठेवलीत. माझ्या दारात माझी स्वतःचीच पुष्कळ आहे, श्री. म्यूरे. तुमची परत न्या.

हे गाव लहान आहे. मला तोंडावर कोणी काही बोललेलं नाही. फक्त बेकरीतली लीसेल पूर्वी पाव सरळ माझ्या पिशवीत टाकायची, आता काउंटरवर ठेवते. मी पिशवी उघडते तेव्हा तिची नजर आत जाते आणि पटकन परत येते. चर्चमध्ये दानाची पेटी माझ्या रांगेत फिरवायची पाळी माझी असायची. या महिन्यात दुसऱ्या बाईला दिली. म्हणाले, "तुमचे गुडघे दुखतात ना." माझे गुडघे कधीच दुखले नाहीत.

तुम्ही विचारता, मी बोट का दाखवलं नाही. त्याचं उत्तर द्यायची माझ्यावर सक्ती नाही. पण तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. एकदाच लिहीन.

डीटमार मला चोर म्हणाला तेव्हा मला "नाही" म्हणता आलं नाही.

एकोणीस वर्षं मी त्या खोलीत न्याहारी मांडली. पहाटे पाचला पाव, सहाला अंडी, सातला दार उघडायचं. हजारो लोकांना खाताना पाहिलं. एकदाही त्या टेबलाशी बसले नाही. डीटमारची आई, थोरल्या मालकीणबाई, होत्या तोवर दहानंतर उरलेलं न्यायची मुभा होती. म्हणायच्या, "वालबुर्गा, फेकण्यापेक्षा ने गं." त्या गेल्या, डीटमारनं पाटी लावली आणि आम्हा कामाच्या बायकांनाही तेच सांगितलं. आणि मी तरी नेत राहिले. रोज नाही. शनिवारी. दोन पाव, हॅमच्या दोन चकत्या, लोण्याची एक वडी. उरलेलंच, पण न विचारता.

रविवारी सकाळी घरी मी पांढरी चादर अंथरायची. बशी, छोटा चमचा, अंड्यावर टोपी. आणि मग बाहेर जाऊन दारातून आत यायची, पाहुणी आल्यासारखी. स्वतःलाच म्हणायची, "या, खिडकीपाशी बसा." साठी उलटलेली बाई. कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण तो अर्धा तास मला आठवडाभर पुरायचा.

तर पिशवीत तुमचं पुडकं निघालं. योगायोगानं तुमचं. आदल्या शनिवारी पिशवी उघडली असती तर माझं निघालं असतं. मग मी कोणत्या तोंडानं म्हणू, हे या गृहस्थाचं आहे आणि मी निर्दोष आहे?

डीटमारला लिहायचं असेल तर लिहा, नसेल तर राहू द्या. पण माझी दया येऊन लिहू नका. आणि लिहिलंत तर तुमचं तुमच्यापुरतं लिहा. माझ्या रविवारबद्दल एक अक्षर नको. ते माझं आहे.

श्रीमती टेलन


नॉर्डफ्योर्ड, २२ नोव्हेंबर १९९३

वालबुर्गाबाई,

तुम्ही रागावलात ते बरं केलंत. त्या आधीच्या शांत पत्रानं मला जास्त लागलं होतं.

आमच्या मंडळींची दर महिन्याला कॉफी असते, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत. या वेळी सहलीचे फोटो बघायचे होते. एका फोटोत तुमची न्याहारीची खोली. मी मधे, हातात पाव, तोंडभर हसू. आणि डोक्यावर ती पाटी. फोटो हातोहात फिरत होता. बोर्गहिल्ड म्हणाली, "हा बघा आमचा पोटभर-खा."

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "तिथे तसं लिहिलेलं नव्हतं."

सगळं सांगितलं. पाटी, कात्री, पिशवी. तुमचा रविवार सोडून. तो माझ्या तोंडून कधी निघायचा नाही.

 मग आमचा तुर्लेव्ह, निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाला, "मी तर दोन दिवस सॉसेजही नेलं. तेही धरा मग." एक-दोघं हसले. तुर्लेव्ह पुढे म्हणाला, "जाऊ दे ना आता. पावाच्या तुकड्यासाठी कोण कोर्टात जातंय?"

बोर्गहिल्डनं विणकाम खाली ठेवलं. ती विणकाम खाली ठेवते तेव्हा गावात काहीतरी घडतं. "तुकडा आपल्याला रे. त्या बाईचं काम गेलं. अंड्यांना टोप्या घालणारी बाई! आणि तू, हालवर, तू मला सांगितलंस, त्यांच्या घरातलं काहीतरी आहे. मी बसमधून हात हलवला तिला. हसून! काय वाटलं असेल तिला?"

मी म्हणालो, "मी मालकांना पत्र लिहितो."

"आत्ता लिही. इथे."

लिहिलं. सगळे भोवती उभे. लिहून झाल्यावर तुर्लेव्ह म्हणाला, "यात काय लिहिलंय हे आम्हाला कसं कळणार? मागे याने भिंतीवरचं वाचून दाखवलं तेव्हा काय झालं ते पाहिलं आपण."

वालबुर्गाबाई, एवढ्या लोकांत इतकं खरं मला कोणी कधी बोललं नव्हतं. मी पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

शेवटी खाली ग्रंथालयात शाळेच्या जर्मनच्या बाई होत्या, तिशीतल्या, त्यांना वर बोलावलं. त्यांनी माझं पत्र मोठ्यानं वाचलं, ओळीओळीनं आमच्या भाषेत सांगितलं. "मी, हालवर म्यूरे, पाटी वाचून खोटं बोललो. ते पुडकं माझं होतं. तुमच्या बाईंच्या हातात पाहूनही मी गप्प राहिलो." माझेच शब्द, एका परक्या मुलीच्या तोंडून. मी खिडकीतून फेरीबोटीकडे बघत होतो. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "चार चुका आहेत. दुरुस्त करू?"

बोर्गहिल्ड म्हणाली, "राहू दे. निदान चुका तरी खऱ्या आहेत."

आठ जणांनी खाली सह्या केल्या. तुर्लेव्हनं सगळ्यांत शेवटी, आणि सहीपुढे लिहिलं, "आणि सॉसेज." पत्र त्याच दिवशी टाकलं. टाकलं म्हणजे तुर्लेव्हनंच नेऊन टाकलं. माझ्यावर तेवढाही भरवसा उरलेला नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुढच्या सहलीत मी पुढारी नाही. बहुधा जाणारही नाही.

यातून तुम्हाला काही मिळावं म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, तुमचं तुमच्यापुरतं. तेवढंच केलं आहे.

हालवर


एलर्सबाख, १३ डिसेंबर १९९३

हालवर,

नावानं हाक मारते आहे. आमच्याकडे असं पटकन करत नाहीत. पण ज्याला माझा रविवार माहीत आहे त्याला श्री. म्यूरे म्हणणं आता मला जमत नाही.

डीटमार घरी आला. मंगळवारी दुपारी, तुमचं पत्र हातात घेऊन, पायपुसण्यावर उभा. आत ये म्हटलं तरी येईना. हा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून मी त्याला कोको करून दिला आहे. मालक झाल्यापासून मला टेलनबाई म्हणतो. त्या दिवशी म्हणाला, "मावशी, पुडकं पाहुण्याचं होतं, तर बोललीस का नाही? मी काय वाघ आहे?"

"थोडासा होतास," मी म्हटलं.

त्याची मान खाली गेली. म्हणाला, "सोमवारपासून ये. मी गावात सांगतो, चूक माझी होती. बेकरीतही सांगतो. तुझं नाव स्वच्छ आहे."

आणि हालवर, तिथेच माझं सगळं संपलं. तो मला धुऊन काढलेल्या चादरीसारखं पांढरं करून परत नेत होता. हो म्हणायचं होतं, बस्स. लीसेलनं पाव पुन्हा पिशवीत टाकला असता. पेटी पुन्हा माझ्या हातात आली असती. आणि मी प्रत्येकापुढे ती पेटी धरताना मनात काय म्हटलं असतं? तुम्ही आठ लोकांसमोर उभे राहिलात. मला एकासमोरही उभं राहता येऊ नये?

म्हणून मी सांगितलं. शनिवार, दोन पाव, लोण्याची वडी. चादर सांगितली. दारातून आत यायचं तेही सांगितलं. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, त्याच्या बुटांवरच्या चिखलाकडे बघत होते. मळ्यातला चिखल, वाळून गेलेला.

त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "एकोणीस वर्षांत तुला कोणी बस म्हणालं नाही?"

"कोण म्हणणार? बसायला वेळ कुठे होता?"

"रविवारी ये. साडेआठला. पुढच्या दारानं."

गेले. निळा पोशाख घातला. पुढच्या दारानं आत जायची सवय नाही, पायरीला अडखळले. खिडकीजवळचं टेबल, तुमचंच. डीटमारनं स्वतः वाढलं. अंडं दगडासारखं उकडलेलं, कॉफी बशीत सांडलेली. पलीकडच्या टेबलावर गावातलेच डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टरांनी मान लववली. माझी मान काही वर होईना. पाव हातात घेतला तर तो कुरकुरला, आणि मला वाटलं सगळी खोली ऐकते आहे. घरी जे इतकं गोड लागायचं ते तिथे नुसतं चघळत बसले. मी उठून बशा गोळा करायला लागले. डीटमार धावत आला. "मावशी, बस. अगं बस ना!" मग बसले. अंडं खाल्लं. सगळं. टोपी पुन्हा नीट घालून ठेवली.

कामावर परत गेले आहे. बेकरीत अजून काउंटरवरच ठेवते लीसेल. मी डीटमारला सांगितलं, तू तिथे काही बोलू नकोस. लोक समजतात त्यातलं अर्धं खरं आहे, ते तेवढं राहू दे.

तुमच्या त्या बोर्गहिल्डला सांगा, तिनं बसमधून हात हलवला तेव्हा मलाही हात हलवायचा होता, पण दोन्ही हातांत पुडकं होतं.

आता एकच राहिलं. तुमचा कागद सोबत पाठवते आहे. पुसून, इस्त्री फिरवली आहे, अजून एकदा चालेल. त्यावर तुमचं नाव आहे. पेन्सिल थोडी पुसट झाली आहे, एका जागी तर फार. तिथे माझा अंगठा होता. डीटमार वाकला तेव्हा मी तुमच्या नावावर अंगठा ठेवला होता, आणि तो जाईपर्यंत उचलला नाही.

का, ते विचारू नका. एकोणीस वर्षांची सवय. पाहुण्याला न्याहारीच्या टेबलाशी खाली मान घालावी लागू नये, एवढंच मला शिकवलं होतं.

वालबुर्गा